वहिनीने धरलेलं सुतक

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. प्रकाश म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा, वहिनीचा मुलगा. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. मी विचारलं, "कधी?" तर म्हणाला, "आत्ताच. चहा मागितला होता तिने... कप तसाच भरलेला आहे." मी फोन ठेवला आणि उरलेले तांदूळ निवडून संपवले. शेजारीण धावत आली, म्हणाली, काकू, रडा तरी, मोकळ्या व्हा. मी तिला म्हटलं, तू घरी जा बाई, मला रडायला सांगणारी तू कोण? माझा स्वभाव हा असा. तो ज्या एका बाईने आयुष्यभर चालवून घेतला तीच गेली, आता तडकायचं तरी कुणावर! ताट बाजूला ठेवल्यावर मात्र जी रडायला लागले ती आमच्या खाडीकाठच्या वाडीत पोचेपर्यंत थांबले नाही. रिक्षावाल्याने उतरताना पैसेसुद्धा मागितले नाहीत, मीच त्याच्या खिशात कोंबले.

ह्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं सारखी एकच शब्द बोलतात, काटकसर. "काय काटकसरी बाई होती हो! मचवा सोडवला, घर वर काढलं." मी ऐकून घेते, कारण माणसं चांगल्या मनाने येतात. पण आतून माझा जळफळाट होतो. काटकसर करायला घरात आधी चार दाणे असावे लागतात. आम्ही त्या वर्षी जे केलं ते वेगळं होतं, आणि त्याला चारचौघांत घेण्यासारखं नाव नाही. ते सांगायला आता मी एकटीच उरले आहे म्हणून लिहिते. वाडीतल्या कुणाला वाईट वाटलं तर वाटो. ज्यांना वाटायला हवं होतं ते सगळे गेले.

पन्नास सालानंतरच्या त्या दशकातली गोष्ट. मालगुंडाच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी आमची वाडी, एकाच भावकीची पाच घरं. सासूसासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात थोरले दीर, त्यांना सगळे दादा म्हणत, त्यांची बायको म्हणजे वहिनी, त्यांची लहान मुलगी कुसुम, आणि धाकटे आमचे हे. दोघा भावांचा मिळून एक मचवा. मचवा म्हणजे शिडाची मोठी होडी, त्यावरच सगळं घर उभं. माझं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि चैत्रातल्या एका वादळात मचव्याची डोलकाठी मोडली, जाळं वाहून गेलं. माणसं वाचली हेच नशीब. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा वाडीतल्या एका म्हातारीने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, पांढऱ्या पायाची दिसते. वहिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिथूनच म्हणाली, "वारा काय हिने माहेराहून आणला? गप बस गो म्हातारे." माझी आणि तिची ओळख ती अशी झाली.

नवी डोलकाठी, नवं जाळं ह्यांसाठी दादांनी रत्नागिरीच्या पेठेतल्या एका शेठकडून पैसे उचलले आणि मचवाच गहाण टाकला. मुदत दसऱ्याची. दसऱ्याला पैसे मिळाले नाहीत तर मचवा शेठचा. ह्यात लपवाछपवी काही नव्हती, शेठही माणूस वाईट नव्हता, बोली साफ होती. पण मचवा गेला म्हणजे काय होणार हे वहिनीला जितकं दिसत होतं तितकं घरातल्या पुरुषांना दिसत नव्हतं. तिचं माहेर नाटे गावचं. तिच्या बापाची होडी अशीच गेली होती, आणि मग एकेक करून तिचे तिन्ही भाऊ मुंबईला गोदीत गेले. ती म्हणायची, "होडी जाते ती एकटी जात नाय. घरातली माणसं घेऊन जाते. माझ्या बापाच्या घरात आता वटवाघळं ऱ्हातात." हे ती इतक्या वेळा म्हणायची की कुसुमलाही पाठ झालं होतं. ती बाहुलीला सांगायची, वटवाघळं येतील हां.

पावसाळ्यात मचवा वर ओढलेला, माडाच्या पात्यांच्या विणलेल्या झापांखाली झाकलेला. दर्या बंद म्हणजे मिळकत बंद. तेव्हा वहिनीने चुलीवरचा सगळा कारभार हातात घेतला. पहिला गेला चहा. चहाचा डबा तिने घासून पालथा घातला आणि म्हणाली, दसऱ्याला सुलटा करू. मग साखर, मग गूळ. दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची म्हणजे रॉकेल लागत नाही. साबणाच्या जागी राख आणि रिठे. दादांची तंबाखू बंद झाली तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. परसातल्या माडांचा एकही नारळ घरात फुटायचा नाही, सगळे बाजारात. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, नारळाशिवायची आमटी आमच्याकडे फक्त आजाऱ्याला देतात. आम्ही सगळे तेव्हा आजारीच होतो म्हणा. बेगमीची सुकी मासळी होती, त्यातली चांगली विकून आम्ही डोकी ठेवली. सकाळी पेज, दुपारी रानातल्या टाकळ्याची भाजी आणि फणसाच्या भाजलेल्या आठळ्या, रात्री पुन्हा पेज. कुळथाची पिठी असली की सण. मी माहेरी सात यत्ता शिकलेली, शिक्षिका व्हायचं मनात, आणि नव्या लग्नाची. मला वाटायचं, हे काय लग्न झालं माझं? केसांना तेल नाही म्हणून मी एकदा आदळआपट केली तर वहिनीने तिच्या डोक्याचा पदर काढून दाखवला. तिचे केस तेव्हा काथ्यासारखे झाले होते.

दुपारभर ती लोकांसाठी झाप विणायची. पैसे कुणी द्यायचं नाही, कुणी पायलीभर तांदूळ द्यायचं, कुणी मीठ. जेवायला बसायची सगळ्यांच्या शेवटी. एकदा मी मुद्दाम मागे थांबून बघितलं तर हिच्या वाडग्यात पेजेचं नुसतं वरचं पाणी आणि मीठ. शीत नावाला नाही. मी भडकले. "वहिनी, तुम्हाला मरायचंय काय?" (तेव्हा मी तिला अहोजाहो करायचे.) ती म्हणाली, "ओरडू नको. मला भूकच नाय गो. अन्न बघितलं की मळमळतंय." मी अठरा वर्षांची पोर, मला काय कळणार होतं त्यातलं! मला वाटलं, उपाशी पोटाला पित्त झालं असेल.

नारळी पौर्णिमेनंतर मचवा पाण्यात गेला आणि जरा जीवात जीव आला. म्हणजे मासळी येऊ लागली, पण आमच्या तोंडी नाही. सगळी विकायची. वहिनी स्वतः पाटी डोक्यावर घेऊन दारोदार हिंडायची. दर्यावर जगणाऱ्या घरात महिनाभर मासळीचा वास नाही हे कुणाला सांगून पटायचं नाही. आलेले पैसे ती एका हंडीत टाकायची, ते मात्र वाढत होते. दसऱ्यापर्यंत कसंबसं जमेल असं दिसायला लागलं, आणि तेवढ्यात समोर गणपती येऊन उभा राहिला.

आता हे मुंबईपुण्याच्या वाचकांना नीट सांगायला हवं. आमच्याकडे गणपती म्हणजे नुसती मूर्ती नव्हे. मुंबईहून दोन चुलतभावांची बिऱ्हाडं येणार, ती पाची दिवस घरात. रोज संध्याकाळी आरत्यांना, नाचाला सगळा गाव येणार, त्यांना उसळ आणि चहा. ऋषिपंचमी, गौर, गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य. आणि त्या वर्षी घरात नवी सून, म्हणजे माझा पहिला ओवसा. पहिल्या वर्षी नव्या सुनेने गौरीपुढे फळं, भाज्या, नारळ भरून सुपं मांडायची, मग ती घरोघरच्या वडीलधाऱ्यांना नेऊन द्यायची आणि पाया पडायचं. पाच घरांची भावकी, शिवाय मुंबईची दोन बिऱ्हाडं. माझ्या माहेरचीही फाटकीच परिस्थिती. तरी मी आत कुठेतरी त्या ओवशाची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू? निदान त्या दिवशी नवं लुगडं अंगावर पडेल, कुणीतरी म्हणेल, सून गोड आहे.

वहिनीने एकदाच दादांना विचारलं. ते जेवायला बसले होते. "ह्या वर्षी दीड दिवसाचाच आणला तर?" दादांनी हात धुतला आणि उठले. म्हणाले, "बापाने पाच दिवस ठेवला, आज्याने ठेवला. आता मी देवाला जाऊन सांगू, आमचं कर्ज झालंय, तू लवकर जा?" आमचा पाट नागपंचमीलाच मूर्तीवाल्याकडे गेला होता. त्याच्यावर मातीचा गणपती बसूनही झाला होता, फक्त रंग व्हायचा होता. त्या दिवसापासून झाप विणताना वहिनीचे हात थांबायचे आणि ती तशीच समोर बघत बसायची. मी विचारलं तर म्हणायची, काय नाय, कंबर धरली.

गणपती चार दिवसांवर आले तेव्हा ती बाजाराला म्हणून रत्नागिरीला गेली, पायी आणि तरीने. परत आली ती घरात न शिरता खळ्यातच, म्हणजे पुढच्या अंगणातच उभी राहिली. मला म्हणाली, "पाणी आण. माझ्यावर ओत." मी घागर ओतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाबल्याकाका गेले. एस.टी. स्टँडवर सावर्ड्याचा एक माणूस भेटला, त्याने सांगितलं. मुंबईत वारले म्हणे." बाबल्याकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. सासऱ्यांशी भांडून तरुणपणी घर सोडून गेले, बोटीवर लागले, लग्न केलं नाही, आणि कित्येक वर्षांत त्यांची काही खबर नव्हती. पण भावकीतला पुरुष गेला म्हणजे पाची घरांना दहा दिवसांचं सुतक. सुतकात कसला गणपती! त्याच संध्याकाळी मुंबईच्या लोकांना कळवलं, येऊ नका. दादा मूर्तीवाल्याकडे जाऊन आमचा पाट रिकामा परत घेऊन आले. रंग नसलेला गणपती तिथेच राहिला.

मी माडाखाली बसून ओवशासाठी रडले. कुसुम सगळ्यांना विचारत हिंडत होती, आपला बाप्पा कुणी मेला म्हणून रागावला काय? आणि दादा... दादा ओटीवर बसून लहान पोरासारखे रडत होते. त्यांना सुकाणू धरायला शिकवलं ते बाबल्याकाकांनी. काका त्यांना खांद्यावर घेऊन भरतीच्या पाण्यात शिरायचे, असं ते रडता रडता सांगत होते. एवढी वर्षं त्यांनी काकांचं नाव काढलं नव्हतं, आता थांबेनात. वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, नवऱ्याला रडताना बघून झालं असेल.

गणेशचतुर्थीच्या दिवशी पाची घरांत सामसूम. वाडीपलीकडून दुसऱ्यांच्या आरत्या ऐकू यायच्या आणि आमच्याकडे बायका दारं लोटून बसायच्या. दादांना मचवा बंद ठेवावा असं वाटत होतं, पण आबांनी परवानगी दिली, पोटाचं थांबवू नका म्हणाले. आबा म्हणजे भावकीतले सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द शेवटचा. तेच दोन दिवसांनी आमच्या खळ्यात आले आणि दादांना म्हणाले, "बाबल्याचं आता नीट करायला हवा. देह नाय मिळाला तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. पुतण्या म्हणून तुझ्याच हातून व्हायला हवा. आणि तेरावा ह्याच घरातून. पाची घरं जेवतील, गावातली चार माणसं बोलवू." दादा लगेच म्हणाले, "करू. शेठकडून आणखी थोडे उचलू. काकांसाठी नाय करायचं तर कुणासाठी?" आत वहिनीच्या हातातून तांब्या पडला.

घडीभराने ती मला विहिरीवर घेऊन गेली. पाणी काढायचं निमित्त. रहाटाला हात लावला आणि तशीच खाली बसली. म्हणाली, "मला कुणी भेटला नाय स्टँडवर."

"म्हणजे?"

"सावर्ड्याचा माणूसच नाय. मीच बोलले."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. "वयनी! जित्या माणसाला मारलास?" त्या एका वाक्यात अहोजाहो गेलं ते कायमचं गेलं. ती म्हणाली, "त्याचं कुणी नाय म्हणून त्याचं नाव घेतलं गो. बायको नाय, पोर नाय. कुणाला रडायला लागणार नाय असा एकच माणूस दिसला मला. आणि हे बघ कसे रडतायत! मला वाटलेलं, पळून गेलेल्या माणसाचं नुसतं स्नान करतात आणि मोकळे होतात. आता तेराव्यासाठी पुन्हा शेठकडे जातील. गणपती परवडला असता मला, गणपती परवडला असता..." हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि कपाळावर हात मारून घेत होती. तिचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी आयुष्यात माणसं मरताना पाहिली, पण इतकं हरलेलं माणूस पाहिलं नाही. खरं सांगावं तर वाळीत टाकतील, पाची घरांचा देव बुडवला म्हणून. नाही सांगावं तर जिवंत माणसाला अग्नी दिला जाईल, तोही त्याच्या लाडक्या पुतण्याच्या हातून, आणि वर मचवा जाईल तो जाईलच.

मी म्हटलं, आबांना सांग. ती म्हणाली, तू चल बरोबर, एकटीने माझा शब्द फुटायचा नाय. आबा पुळणीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. वहिनी त्यांच्यापासून चार हात लांब वाळूतच बसली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा आता उठून काठी घालतो. आबा दोरा ओवत राहिले. एक गाठ मारली, दुसरी मारली. मग ते वर न बघता म्हणाले, "पाच घरांत एकाने तरी तुला विचारलं काय, कोण तो सावर्ड्याचा माणूस? नाव काय त्याचं?"

वहिनी म्हणाली, "नाय."

"का नाय विचारलं?" आबांनी आता वर बघितलं. "तुझ्या काकीची नथ सोनाराकडे जायची होती गो, गणपतीसाठी. तू सुतकाचं सांगत आलीस तेव्हा मी देवाला हात जोडले, ते काय बाबल्यासाठी नाय जोडले. शेजारच्या घरात काय शिजतंय ते मला माहीत हाय, माझ्या घरात काय शिजतंय ते त्यांना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले, कोण आधी बोलतो." दोरा दातांनी तोडला. "जा. पुतळा नको, तेरावा नको. मी सांगतो सगळ्यांना. दादाला मात्र कधी बोलू नको. त्याने काकासाठी रडून घेतला, ते रडणं खरं हाय."

दहाव्या दिवशी आबांनी जाहीर केलं की घर सोडून गेला त्याने स्वतःच नातं तोडलं, तेव्हा नुसत्या अंघोळी करा, घरं सारवा आणि सुटे व्हा. कुणी हूं की चूं केलं नाही. मला मात्र त्याने बरं वाटलं नाही, संताप आला. पाच घरं उपाशी, आणि पाचही घरं एकमेकांना ढेकर ऐकवत होती! एका पोटुशा बाईला... हो, तोवर मला कळलं होतं. विहिरीवरून येताना ती माझ्या खांद्यावर रेलली तेव्हा तिचं पोट हाताला लागलं. एवढ्या वाळलेल्या बाईचं तेवढंच पुढे आलेलं. मी म्हटलं, वयनी, कितवा? ती म्हणाली, "चवथा संपतोय. बोलू नको कुणाला. कळलं तर हे मला अंडं आणतील, दूध आणतील. दसरा होऊ दे."

दसरा झाला. दादा आणि हे दोघं मिळून शेठकडे गेले आणि मचवा सोडवून आले. झेंडूचं तोरण मचव्याला, तोरण दाराला. दादा पेठेतून गूळ आणि चहापूड घेऊन आले, येताना मोठ्याने गात होते. वहिनीने डबा सुलटा केला, चहा टाकला. पहिला घोट घेतला आणि बाहेर जाऊन ओकून आली. सगळे हसले, सवय मोडली म्हणाले. तीही हसली.

त्याच आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली, पण तिच्या हातात काही नव्हतं. मुलगा होता. तळहातापेक्षा थोडा मोठा, नाकडोळे सगळे झालेले, फक्त जीव नव्हता. सुईणीने एका फडक्यात गुंडाळून तो माझ्या हातात दिला, म्हणाली, परसात माडाच्या बुंध्याशी पुरून ठेव, बापाला दाखवू नको. मी नेला. एवढासा भार, पण मला वाट संपेना. अशा पोराला नाव ठेवत नाहीत. त्याचा पिंड नसतो, त्याच्यासाठी भावकीत कुणी अंघोळ करत नाही. बाबल्याकाकांसाठी पाची घरं दहा दिवस बसली आणि ह्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी मचवा नेहमीसारखा दर्यावर गेला. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ बसले तर म्हणाली, "काकांनी घेतला गो. मी त्यांना मारलं, त्यांनी माझं नेलं." मी तिला धरून म्हटलं, शाप कसला डोंबलाचा, होतं असं बायकांना, पुढचा होईल. शाप नव्हताच. चार महिने पेजेच्या पाण्यावर राहिलेल्या बाईच्या पोटात पोर कसं जगणार? पण हे तिला सांगायचं कुणी! मी नाही सांगितलं, आणि मला वाटलं तिला ते कधी सुचलं नाही.

पुढे चांगले दिवस आले. प्रकाश झाला, मी शिक्षिका झाले, रत्नागिरीत बिऱ्हाड केलं, मचव्याच्या जागी इंजिनाची होडी आली. बाबल्याकाका कधी परत आले नाहीत, त्यांची काही खबरही आली नाही. दुसऱ्या वर्षी भादव्यात पितरांचा म्हाळ घालायची वेळ आली तेव्हा वहिनीने दादांना म्हटलं, काकांचं आपण काहीच केलं नाय, निदान म्हाळाला त्यांच्या नावाने एक वेगळं पान वाढू. दादांचे डोळे भरून आले. तेव्हापासून दर वर्षी घरातल्या पितरांची पानं झाली की वहिनी स्वतः एक छोटं पान घेऊन परसात जायची, माडाच्या बाजूला ठेवायची. दादा गेले, आमचे हे गेले, तरी तिने ते चुकवलं नाही. मी जायचे आणि मनात म्हणायचे, बाई अजून त्या खोट्या मरणाचं प्रायश्चित्त घेतेय.

गेल्या भादव्यात मी म्हाळाला गेले होते. तिला वाकवत नव्हतं म्हणून पान मी धरलं. त्यावर वडे नाहीत, भाजी नाही, आंबट तिखट काही नाही. नुसता दूधभात, वर गूळ, बोटांनी मऊ कुस्करलेला. मी नेहमीसारखी बोलून गेले, "काय गो, तुझ्या काकाचे दात पडले काय? दर वर्षी आपला दूधभात!"

ती हसली नाही. पायरीवर बसत म्हणाली, "काकाचं पान कशाला वाढू मी? तो जिता असला तर? जित्या माणसाचं पान वाढतात काय?"

माझ्या हातात पान तसंच राहिलं. मी कुठे उभी आहे ते मला त्या क्षणी दिसलं. त्याच माडाच्या बुंध्याशी.

"त्याचं नाव घेऊन कुणी वाढू दिलं नसतं," ती म्हणाली. "म्हणून काकाचं नाव घेतलं. ठेव खाली. कावळा लगेच येतो, बघ."

मी ठेवलं. आम्ही दोघी पायरीवर बसलो. घरातल्या पितरांची पानं पुढच्या खळ्यात तशीच पडलेली, त्यांना अजून कावळा शिवायचा होता, आणि इथे मी पायरीवर टेकते न टेकते तोच एक उतरला आणि भराभर खाऊ लागला. मी म्हटलं, किती घाईने खातोय मेला, हाकलू काय जरा?

वहिनीने माझा हात धरला. "नको गो," म्हणाली. "जेवू दे त्याला. त्या वर्षी मी त्याला काय जेवूच घातलं नाय."